गंध सांभाळणारी घरे

फेब्रुवारी उजाडला की वेंगुर्ले-सावंतवाडीच्या पट्ट्यात सुरंगी फुलते. जुन्या फांद्यांना लगडून कळ्यांचे घोस दाटतात आणि ऊन चढायच्या आत त्या उतरवाव्या लागतात, कारण वळेसर बांधायचा तो कळ्यांचाच. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. तो सरला की पुढच्या वर्षापर्यंत सुरंगीचा ताजा वास कुठेच भेटत नाही. रंग छायाचित्रात टिकतो, आकार हर्बेरियमच्या कागदावर टिकतो. ताजा गंध मात्र जिवंत झाडाबरोबरच असतो. म्हणूनच दुर्मीळ सुगंधी झाडांच्या छांदिष्टांना झाड जगवण्यावाचून गत्यंतर नसते.

हा छंद जुना आहे आणि त्याचा एक धागा गोव्याशी जुळतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने गोव्याकडचा भरगच्च पाकळ्यांचा मोगरा मिळवला. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील बागेत या मोगऱ्यासाठी खास उबदार घर होते. आजही त्या धाटणीचा, गुलाबासारखा गच्च मोगरा जगभर ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ याच नावाने विकला जातो. उलट दिशेनेही देवघेव झाली. निशिगंध आणि देवचाफा मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, रातराणी वेस्ट इंडीज परिसरातली, अनंत चीनकडचा. मराठी अंगणाने हे पाहुणे इतके आपले केले, की त्यांच्याविना परसबाग अपुरी वाटावी.

आजचे संग्राहक बहुतेक गच्चीत किंवा बाल्कनीत बाग करतात, त्यामुळे त्यांची निवडही तशीच असते. ‘वेलणकर’ नावाने ओळखला जाणारा सोनचाफा कलमी असल्याने लवकर फुलतो आणि मोठ्या कुंडीत आटोपशीर राहतो. बियांपासून वाढवलेला सोनचाफा मात्र फुलायला कित्येक वर्षे घेतो आणि उंच वृक्ष होतो. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. त्याचे हिरवे फूल पानांत दडलेले असते आणि पिवळे पडू लागले की पिकल्या फळांसारखा वास सुटतो. फूल शोधायचे ते नाकाने! याच कुळातल्या यलांग-यलांगची बुटकी जात आता अनेक रोपवाटिकांत मिळते. मोठे झाड फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचे आणि अत्तरांच्या व्यवसायात फार मोलाचे.

मेणासारख्या फुलांची होया ही नव्या पिढीच्या छांदिष्टांची लाडकी. तिच्या अनेक जातींना रात्रीच वास येतो. फुले गळून गेल्यावर उरलेला देठ नवशिके कापून टाकतात, पण पुढचा बहर त्याच देठावर येतो.

रात्रीच्या या दरवळामागे कारण आहे. पांढरी, रात्री उमलणारी बरीच फुले निशाचर पतंगांना बोलावतात. अंधारात रंगाचा उपयोग थोडा, म्हणून गंधावर भर. मोगरा-जाईच्या वर्गातली फुले तर खुडल्यानंतरही काही तास नवा गंध सोडत राहतात. गजरा रात्रभर घमघमतो तो त्यामुळेच. या जाणिवेने कुंडीची जागा ठरवावी: दिवसा पाच-सहा तास ऊन मिळेल आणि संध्याकाळी वारा घराकडे येईल अशी.

निगा फार अवघड नाही, पण वेळा पाळाव्या लागतात. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू असे मिश्रण असावे. पाणी तुंबले की मुळे कुजतात. मोगऱ्याला हिवाळ्यात पाण्याचा ताण देऊन छाटणी करावी, मग खत द्यावे. कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कात्री चालवायला कचरणाऱ्याचा मोगरा पानांनीच भरतो. पुण्या-नगरकडे बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर अनंताची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. साठवलेले पावसाचे पाणी हा त्यावरचा सोपा उपाय.

दुर्मीळतेच्या हौसेला एक काळी बाजूही आहे. सुगंधी ऑर्किड जंगलातल्या फांद्यांवरून ओरबाडून विकली जातात. ऑर्किडच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण आहे, तरी चोरटी विक्री थांबलेली नाही. सह्याद्रीतून उपटलेले ऑर्किड शहरी बाल्कनीत बहुधा तग धरत नाही. जंगलातले एक झाड जाते आणि घरातही काही उरत नाही. असा संग्रह हा संग्रहच नव्हे. रोप घेताना ते कुठे वाढवले, हे विचारायलाच हवे आणि उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परतावे.

खरा संग्राहक झाड वाढवतो आणि वाटतो. गुटी कलम त्यासाठी उत्तम: फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढायची, तिथे ओले शेवाळ बांधून प्लास्टिक गुंडाळायचे आणि मुळे दिसली की खालून कापून कुंडीत लावायचे. अनंतासाठी ही रीत नक्की करून पाहावी. येत्या पावसाळ्यात आपल्या दारच्या एखाद्या जुन्या झाडावर दोन गुट्या बांधा. एक आपल्यासाठी ठेवा, दुसरी शेजाऱ्याला द्या.