एका तासाचे राजकारण

2024 सालची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी आली होती. न्यू जर्सीतला धाकटा भाऊ आणि ॲरिझोनातल्या फिनिक्सचा मावसभाऊ या दोघांना ओवाळण्यासाठी मी पुण्यात संध्याकाळी साडेसातला औक्षणाचे ताट घेऊन फोनसमोर बसले. फिनिक्सवाला ठरल्या वेळी, त्याच्या सकाळी सातला, हजर झाला. सख्ख्या भावाचा मात्र पत्ता नाही. त्याच्याकडे दहा वाजलेले असणार, असा माझा हिशेब होता. निरांजनात दुसऱ्यांदा तूप घातले. साडेआठला तो पडद्यावर आला आणि म्हणाला, "ताई, मी वेळेवरच आलोय. इथे आत्ता दहा वाजलेत."

दोघेही खरे बोलत होते. त्याच पहाटे दोन वाजता न्यू जर्सीने घड्याळ एक तास मागे घेतले होते. ॲरिझोनाने घेतले नव्हते. एकाच देशातली दोन राज्ये अशी वेगळी का वागतात, याचा शोध घेऊ लागले आणि एका विचित्र कायद्यापाशी येऊन पोहोचले. घड्याळांची ही वर्षातून दोनदा होणारी सरकासरक बहुसंख्य अमेरिकनांना नकोशी आहे. सुमारे 20 राज्यांनी ती थांबवण्याचे कायदे किंवा ठराव केले आहेत. तरीही ती थांबत नाही.

उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो तेव्हा लोक झोपलेले असतात. घड्याळ तासभर पुढे केले तर तोच उजेड संध्याकाळी वापरता येईल, एवढीच यामागची मूळ कल्पना. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने 1916 मध्ये ती अमलात आणली. अमेरिकेने 1918 मध्ये अनुकरण केले. शेतकऱ्यांच्या सोयीसाठी ही पद्धत आली, असा समज आपल्याकडेच नव्हे, तिकडेही आहे. प्रत्यक्षात शेतकऱ्यांचा तिला कडाडून विरोध होता. दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही आणि गाय घड्याळ पाहून पान्हा सोडत नाही. युद्ध संपताच, 1919 मध्ये, अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार ओलांडून काँग्रेसने ती रद्द केली.

दुसऱ्या महायुद्धात ती पुन्हा आली आणि 1945 नंतर ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपवली गेली. मग गोंधळ माजला. ओहायोतील स्ट्यूबेनव्हिल ते वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिल या 35 मैलांच्या बसप्रवासात घड्याळ सात वेळा बदलावे लागे, ही हकिगत आजही सांगितली जाते. अखेर 1966 मध्ये 'युनिफॉर्म टाइम ॲक्ट' झाला. साऱ्या गाठी या कायद्यात आहेत.

या कायद्याने राज्यांना एकच मोकळीक दिली: उन्हाळी वेळ पाळायचीच नसेल तर राज्याने तसा कायदा करावा आणि बारा महिने प्रमाणवेळेवर राहावे. हवाई आणि ॲरिझोना यांनी तेच केले. विषुववृत्ताकडच्या हवाईत दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. ॲरिझोनाचे कारण आपल्या विदर्भातल्या कोणालाही पटेल: मे-जूनच्या उन्हात होरपळणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणखी तासभर सूर्य कशाला हवा? गंमत अशी की, त्याच राज्यातला नवाहो मूलनिवासींचा प्रदेश घड्याळ बदलतो आणि त्याने वेढलेला होपी प्रदेश बदलत नाही.

पण याच्या उलट, म्हणजे बारा महिने उन्हाळी वेळेवर राहण्याची परवानगी राज्यांना नाही. आणि बहुतेक राज्यांना हवे आहे नेमके तेच. फ्लोरिडाने 2018 मध्ये कायमच्या उन्हाळी वेळेचा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या जवळजवळ 60 टक्के मतदारांनी विधिमंडळाला तशा बदलाची वाट मोकळी करून दिली. वॉशिंग्टन, ओरेगन आणि इतर राज्ये मागोमाग आली. या साऱ्या कायद्यांत एक अट समान आहे: काँग्रेसने परवानगी दिली तर. काहींनी दुसरीही घातली: शेजारच्या राज्याने केले तर. म्हणजे कायदा झाला, सही झाली, आणि घड्याळ जिथल्या तिथे.

मग काँग्रेस परवानगी का देत नाही? 15 मार्च 2022 रोजी सिनेटने कायमच्या उन्हाळी वेळेचे विधेयक एकमताने, जवळजवळ चर्चेविना मंजूर केले. घड्याळे पुढे करून तेव्हा दोनच दिवस झाले होते. सगळेच अपुऱ्या झोपेने वैतागलेले असणार. प्रतिनिधिगृहाने मात्र ते मतदानाला घेतलेच नाही. कारण हा प्रयोग एकदा करून झाला होता.

तेलटंचाईच्या काळात, 6 जानेवारी 1974 पासून, अमेरिकेने वर्षभर उन्हाळी वेळ लागू केली. ती 1975 च्या एप्रिलपर्यंत चालायची होती. सुरुवातीला लोक खूश होते. पण जानेवारीतली सकाळ उजाडेना. मुले काळोखात शाळेच्या बसची वाट पाहू लागली. फ्लोरिडात अंधारात शाळेला निघालेली काही मुले वाहनांखाली सापडून दगावली. डिसेंबरमध्ये 79 टक्के असलेला पाठिंबा फेब्रुवारीत 42 टक्क्यांवर घसरला आणि ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने कायदा बदलून हिवाळ्यापुरती प्रमाणवेळ परत आणली. आज कायमची उन्हाळी वेळ आली तर इंडियानापोलिससारख्या शहरात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय सकाळी नऊनंतर होईल.

वीज वाचते, हा जुना युक्तिवादही आता टिकत नाही. इंडियाना राज्याच्या बऱ्याच भागात 2006 पर्यंत घड्याळ बदलत नसे. त्या वर्षी ते संपूर्ण राज्यात बदलू लागले. अभ्यासकांना आयतीच प्रयोगशाळा मिळाली. मॅथ्यू कोचेन आणि लॉरा ग्रँट यांनी घरगुती विजेची बिले तपासली, तेव्हा वापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे दिसले. दिव्यांची वीज वाचली, पण एअर कंडिशनरने ती खाल्ली.

झोपेचे वैद्यक तिसरेच सांगते. आपल्या शरीरातले घड्याळ सकाळच्या उजेडाने लागते. मार्चमध्ये एक तास हिरावला जातो त्या आठवड्यात अमेरिकेतील जीवघेणे रस्ते अपघात सुमारे 6 टक्क्यांनी वाढतात, असे एका अभ्यासात आढळले आहे. म्हणून अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने 2020 मध्ये बदल थांबवा असे सांगितले, पण कायमची प्रमाणवेळ ठेवा, असेही बजावले. थोडक्यात, बदल नको यावर एकमत आहे. कोणती वेळ ठेवायची यावर नाही. 2019 मध्ये युरोपीय संसदेनेही बदल संपवण्याच्या बाजूने कौल दिला, पण सदस्य देशांचे जमले नाही.

हे वाचताना मला सारखी मुंबई आठवत होती. 1906 च्या सुरुवातीला भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या 39 मिनिटे पुढे होती. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध निदर्शने केली. भोंगा घड्याळानुसार वाजणार, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटे आधी कामावर हजर व्हायचे. मुंबई महापालिकेने त्यानंतर कितीतरी दशके 'मुंबई टाइम' सोडला नाही. तो सुटला, आणि आज मुंबईकर बारा महिने सूर्याच्या पुढेच धावतो. अमेरिकेतली राज्ये जे मागत आहेत, त्याची धाकटी आवृत्ती आपण निमूटपणे जगतो आहोत.

गिरणी कामगाराचा भोंगा आणि शाळकरी मुलाची बस यांत मला एकच धागा दिसतो. संध्याकाळच्या उजेडाला वाली पुष्कळ: दुकानदार, गोल्फची मैदाने, कामावरून सुटून फिरायला जाणारे. सकाळचा अंधार मात्र ज्यांना घरातून निघण्याची वेळ निवडता येत नाही, त्यांच्या वाट्याला येतो. फ्लोरिडाने 1974 मध्ये तो अंधार पाहिला आणि 2018 मध्ये तोच पुन्हा मागितला. विधिमंडळांना दिवस लांबवता येत नाही. एक तास इकडचा तिकडे करता येतो, आणि तो कोणाच्या पदरातून घ्यायचा एवढेच ठरवता येते. राज्यांचे हक्क, काँग्रेसची परवानगी ही भाषा बाजूला सारली की वाद उरतो तो एवढाच.

आता मी एक शिकले आहे. नोव्हेंबरचा पहिला आणि मार्चचा दुसरा रविवार दिनदर्शिकेवर लाल पेनाने खुणावून ठेवते. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. फिनिक्स बाराही महिने साडेबारा. अमेरिकन काँग्रेसचे काय ठरायचे ते ठरो, निरांजन किती वाजता लावायचे हे मला आता पक्के ठाऊक आहे.