डोक्यात पाण्याची गाठ? आधी ती कसली ते पाहा

‘स्कॅनमध्ये पाण्याची गाठ दिसते आहे.’ डॉक्टरांच्या तोंडून एवढे वाक्य ऐकले की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पुढचे काही कानात शिरतच नाही. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारलेलाही नसतो, पण मनात तोच घोळू लागतो. खरे तर ‘पाण्याची गाठ’ हे निदान नव्हेच. स्कॅनमध्ये काय दिसले, त्याचे ते फक्त वर्णन आहे.

योगायोग असा की, सीटी स्कॅनचा इतिहासच अशा गाठीपासून सुरू होतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन काढला. त्या महिलेच्या मेंदूच्या पुढच्या भागात काळा गोल दिसला. तो पाणी साठलेला ट्यूमर होता. त्याआधी ट्यूमरचा अंदाज घेण्यासाठी पाठीच्या कण्यातून हवा सोडून डोक्याचे एक्स-रे काढत. रुग्णाचे फार हाल होत. हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

काळा गोल दिसला, पण तो कशाचा? खरी परीक्षा इथेच असते. शिरेतून कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देऊन पुन्हा चित्र घेतात. पाणी काळेच राहते, ट्यूमरचा जिवंत भाग मात्र बहुधा उजळतो.

लहान मुलांमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत, कधी मोठी पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली छोटी गाठ दिसते. बरेचदा हा ‘पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा’ असतो. नाव भयंकर, पण वाढ संथ! नुसते पाणी काढून भागत नाही, ते पुन्हा भरते. काढायची असते ती भिंतीवरची गाठ. ती पूर्ण निघाली तर बहुतेक मुले बरी होतात.

उलट, प्रौढांमध्ये जाड, वेड्यावाकड्या कडेचे कडे आणि आत मृत पेशींचा द्रव दिसला, तर डॉक्टरांना ग्लायोब्लास्टोमाची शंका येते. हा खरोखरच घातक.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. पट्टकृमीच्या अळीची पिशवी, क्षयाची गाठ किंवा पू हेही स्कॅनमध्ये ट्यूमरसारखे दिसू शकतात. पिशवीत पांढरा ठिपका दिसला तर ते अळीचे डोके! एमआरआयच्या ‘डिफ्युजन’ चित्रात पू बहुधा चमकतो, ट्यूमरमधले पाणी सहसा चमकत नाही. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. म्हणूनच घाईने निष्कर्ष काढू नये. शंका उरलीच तर कवटीला बारीक छिद्र पाडून तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

मूल सकाळी उठताच डोके दुखते म्हणू लागले, उलट्या करू लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा त्याला एकाचे दोन दिसू लागले, तर आठवडेच्या आठवडे जंताची औषधे देत बसू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. कॉन्ट्रास्ट घेण्यापूर्वी मूत्रपिंडाचा आजार किंवा ॲलर्जी असल्यास आधीच सांगा. आणि जुन्या फिल्म्स रद्दीत टाकू नका. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे त्यांच्याशी ताडूनच कळते.