पायात चेंडू नसताना

"डॉक्टर, मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं. वळून बघितलं तर मागं कुणीच नव्हतं." सतरा वर्षांचा एक मुलगा लंगडत दवाखान्यात आला आणि त्याने असे सांगितले. सोबत वडील होते. "याच्याकडं तर बॉलसुद्धा नव्हता. मग लागलं कसं?" हा त्यांचा प्रश्न.

कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत, तालमीतालमींत रुजलेला आहे. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर असले की शाहू स्टेडियमकडे अर्धे गाव वळते. त्यामुळे असे रुग्ण मला नवे नाहीत. पण या वडिलांचा प्रश्न मुळाला हात घालणारा होता.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात वरच्या दर्जाचा खेळाडू साधारण दहा-अकरा किलोमीटर अंतर कापतो. त्यात चेंडू त्याच्या पायाशी असतो जेमतेम दोन-तीन मिनिटे! बाकीचा सगळा वेळ तो चेंडूविना चालतो, धावतो, थांबतो, वळतो. साहजिकच शरीराची खरी परीक्षाही तेव्हाच होते.

मुलाला विचारले, "धावण्याआधी काय करत होतास?" म्हणाला, "उभा होतो, बॉलची वाट बघत." इथेच गोम आहे. बराच वेळ खांबासारखे उभे राहायचे आणि लांब पास आला की एकदम जीव खाऊन पळायचे. वेगात धावताना पाय पुढे झेपावतो. तो जमिनीवर टेकण्यापूर्वी मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच त्या पायाला लगाम घालतो. थंडावलेल्या किंवा थकलेल्या स्नायूला हा ताण सोसत नाही आणि त्याचे तंतू तुटतात.

मग सतत पळत राहायचे का? मुळीच नाही. मधूनमधून चालणे हा आळस नव्हे, ती पुढच्या धावेची शिदोरी आहे. मात्र चालताना अंग तिरके ठेवावे, म्हणजे चेंडू आणि आपल्यावर पहारा ठेवणारा खेळाडू दोन्ही दिसतात. चेंडू येण्यापूर्वी खांद्यावरून मागे एक-दोनदा नजर टाकावी. स्पेनचा झावी हे सामनाभर करीत असे. चेंडू हवा असेल तर आधी दोन पावले उलट दिशेला जावे. पहारेकरी सोबत सरकला की झटकन दिशा बदलावी. पास देणाऱ्याने चेंडू ताब्यात घेऊन मान वर केली, की धाव घ्यायची वेळ झाली. त्याआधी पळालात तर ऑफसाइड व्हाल आणि दमही वाया जाईल. पास आपल्याला न मिळता दुसऱ्याला गेला, तरी रुसू नये. पहारेकरी आपल्यामागे ओढला गेला म्हणूनच त्याला जागा मिळाली.

सरावासाठी एक सोपा खेळ सांगतो. पंधरा पावलांच्या चौकोनात तिघा-तिघांचे दोन संघ करा. चेंडू हाताने फेकायचा, पण हातात असताना पाऊल टाकायचे नाही. मग इतरांना जागा शोधत हलावेच लागते. एक मिनिट खेळ, एक मिनिट विश्रांती.

थांबायलाही शिकले पाहिजे. एकाच ताठ पायावर करकचून ब्रेक लावू नये. गुडघे वाकवून तीन-चार छोटी पावले टाकावीत, गुडघा आत झुकू देऊ नये. गुडघ्यातले लिगामेंट बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागता, असे थांबताना किंवा वळतानाच तुटते.

खेळापूर्वी पंधरा-वीस मिनिटे अंग तापवावे आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा. मांडीसाठी एक व्यायाम मी आवर्जून सांगतो. गुडघ्यांवर उभे राहा, मित्राला मागून घोटे घट्ट धरायला सांगा आणि कंबर न वाकवता सावकाश पुढे झुका. तोल गेला की हात टेका. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-पाच वेळा दोनदा पुरे. पहिले दोन दिवस मांड्या दुखतील, घाबरू नका. नेमाने करणाऱ्या संघांत ही दुखापत जवळजवळ निम्म्यावर आल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

या मुलाला मैदानाबाहेर आणताच कुणीतरी तेल लावून मांडी खसाखसा रगडली होती. प्रेमापोटीच, पण चूक! ताज्या दुखापतीला चोळू नये, शेकू नये. खेळ थांबवावा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

"रविवारी फायनल आहे. खेळू का?" हे त्याने तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो. अर्धवट बरा झालेला हा स्नायू पुन्हा तुटण्याचा धोका मोठा असतो आणि दुसऱ्यांदा तो जास्त दिवस घरी बसवतो. वेदनेशिवाय पूर्ण वेगाने पळता येईपर्यंत सामना नाही. पोराचे डोळे भरले. मग मी त्याला एक काम दिले. गॅलरीत बसून दहा मिनिटे चेंडूकडे बघायचे नाही, मधल्या फळीतल्या एकाच खेळाडूकडे बघायचे.

सोमवारी तो हिशेबाचा कागद घेऊनच आला. "डॉक्टर, त्याला बॉल मिळाला सहाच वेळा. पण मान किती वेळा वळवली ते मोजताना मीच चुकलो." तपासून पाहिले. मांडी अजून दुखते आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावले आहे.