म्हैस दिली, वैरणीचं काय?

बरीच वर्षं प्रशासकाच्या हाती असलेल्या राज्यातल्या नगरपरिषदांना अखेर निवडणुका लागल्या. मतदान २ डिसेंबर २०२५ ला ठरलं. त्या धामधुमीत गेवराईतल्या माझ्या घरी एक तरुण आला. मी बँकेत असताना त्याच्या वडिलांचं खातं आमच्या शाखेत होतं, म्हणून मी त्याचा अजूनही 'साहेब'. त्यानं चार पानं पुढं ठेवली.

"साहेब, जाहीरनामा तेवढा भाषेत बसवून द्या. तुम्ही लिहिणारे माणूस."

एकवीस कलमं होती. स्वागतकमान, बाग, कारंजं, चौकाचं सुशोभीकरण, उंच खांबावरचे दिवे, सभागृह, व्यायामाची साधनं. मी विचारलं, "उभा कोण आहेस, तू?"

"नाही ना. जागा महिलेला सुटली. घरचे उभे आहेत."

"त्यांनी ही यादी वाचली का?"

तो नुसता हसला. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. यादी मात्र अजून बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असते. मी म्हटलं, "उद्या दोघं या."

रात्री मी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम काढून बसलो. जुनी खोड, कर्जाचा अर्ज आला की आधी नियम बघायचा. त्याच्या ४९ व्या कलमात नगरपरिषदेच्या कामांची दोन ताटं वाढलेली आहेत. एक बंधनकारक कामांचं: पाणी, गटारं, साफसफाई, रस्त्यावरचे दिवे, जन्ममृत्यूची नोंद. दुसरं ऐच्छिक कामांचं. बागा त्यात येतात. म्हणजे आधी काय आणि मग काय, हे कायद्यानं साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. आमच्या उमेदवाराच्या एकवीस कलमांतली बहुतेक दुसऱ्या ताटातली होती. लोणचं, पापड, कोशिंबीर सगळं होतं, भाकरीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. बाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. पिशवीतून त्यांनी शाळेची एक वही काढली. तिच्यात नळ कधी आला, त्याचा वार आणि वेळ लिहिलेली होती.

"साहेब, पाणी रोज द्या असं मी म्हणत नाही. कधी येणार ते आदल्या दिवशी कळावं. आमच्या गल्लीतली माणसं दसरा झाला की कारखान्याला जातात. घरी म्हातारी आणि लेकरं राहतात. रात्री-अपरात्री नळ आला तर भरायचं कुणी?"

बीड जिल्ह्यात दसऱ्यानंतर ऊसतोडीला माणसं निघतात, हे मला माहीत होतं. पण त्या स्थलांतराचा नळाच्या वेळेशी संबंध आहे, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. डिसेंबरच्या मतदानाशीही आहे. ज्यांच्यासाठी आश्वासनं द्यायची, त्यांच्यातले कित्येक तेव्हा उसाच्या फडात असतात.

बाईंच्या आणखी दोन गोष्टी होत्या. रस्त्याआधी पाइप आणि गटार करावं. नाहीतर नवा रस्ता पुन्हा खोदतात, आणि रस्ता दरवेळी उंच होऊन घराचा उंबरा खाली जातो. आणि आठवडी बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायांसाठी पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह. संपली यादी.

नवरा अस्वस्थ झाला. "साहेब, तीन कलमांवर मतं पडत नसतेत. कमानीवर नाव लागतं. जमिनीत गाडलेल्या पाइपावर नाव कुठं लावायचं?"

त्याला मी हसलो नाही, कारण त्याच पापाचा मीही वाटेकरी आहे. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही म्हशींसाठी कर्जं वाटली. म्हैस दिसायची. तिच्या कानात विम्याचा बिल्ला, शेजारी लाभार्थी, समोर फोटोवाला. आमचं उद्दिष्ट पुरं व्हायचं. वैरण कुठून येणार, उन्हाळ्यात पाणी कोण पाजणार, दूध घालायचं कुठं, हे फॉर्मवर होतं. पण मी खोलात जाऊन विचारलं नाही. वर्षभरानं वसुलीला गेलो की दावं रिकामं दिसायचं. एका म्हातारीनं बिल्ला तेवढा जपून ठेवला होता. तो माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "घ्या साहेब, तुमची म्हैस."

ते त्या तरुणाला सांगितलं. म्हटलं, प्रत्येक कलमापुढं एक रकाना आख: दुसऱ्या वर्षी हे कोण चालवणार आणि पैसा कुठून येणार? तालुक्याला गोदावरी आहे, नाथसागराचा उजवा कालवा तालुक्यातूनच माजलगावकडे जातो. पण नदीतलं पाणी आपल्या पायानं नळाला येत नाही. पंपाचं वीजबिल, शुद्धीकरण, गळती काढणारा माणूस, हा खर्च दरसाल असतो. अग्रक्रम म्हणजे इच्छांची यादी नव्हे. काय मागं ठेवणार, हे मतदारापुढं बोलायचं धाडस म्हणजे अग्रक्रम.

हे धाडस महागात पडतं, हेही खरं. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायला त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. सभागृहात ते एकटे पडले. ज्या मंडईवरच्या मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, तिलाच पुढं त्यांचं नाव लागलं!

रकाना भरता भरता एकविसांतली सात कलमं उरली. पहिली तीन बाईंची. कमान राहिलीच, सातव्या क्रमांकावर. पोरांचं मन मोडवेना.

मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. बाई निवडून आल्या नाहीत. सात कलमांमुळं पडल्या की आणखी कशानं, कोण सांगणार? मला मात्र चुटपूट लागली होती. परवा बाजारात भेटल्या, तेव्हा भीत भीतच विचारलं, "वहीचं काय झालं?"

"चालूय की," त्या म्हणाल्या. "नळ काय निवडणुकीपुरता येतो का, साहेब?"