झांकली मूठ

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्या घरांत गेलीं चाळीस वर्षें कसोशीनें पाळली गेली. माझा धाकटा भाऊ विशींत असतांना त्याला नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले. अभ्यासांत हुषार, अमरकोश तोंडपाठ. पण आधीं झोंप गेली, मग बोलणें गेलें, आणि शेवटीं डॉक्टरांनीं त्या आजारास छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, असें नांव दिलें. औषधांनीं तो सांवरला. आज तो घरची पूजा करतो, मुलांस रूपावली शिकवितो. परंतु पाहुण्यांस आम्ही एवढेंच सांगत आलों कीं, त्याची प्रकृति जरा नाजूक आहे.

गेल्या श्रावणांत त्याच्या डॉक्टरांनीं मला बाजूस बोलावून विचारलें, "गुरुजी, मानसिक आजारांच्या आनुवंशिकतेवर संशोधन चाललें आहे. आपल्या कुटुंबांतील चारपांच जण रक्त आणि घराण्याची माहिती देतील काय?" मीं घरीं गोष्ट काढली, तों रात्रीच्या जेवणानंतर वाद माजला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सुमीचं लग्न व्हायचं आहे. जें चार भिंतींत राहिलं, तें कागदावर कशाला आणायचं?" सुमी ही त्यांची नात. तिचे वडील, म्हणजे माझा पुतण्या, म्हणाला, "काका, हे लोक रक्त घेऊन जातात, पुढें त्याचं काय करतात कोण जाणे!" दोघांचेंही म्हणणें मला अगदींच निराधार वाटलें नाहीं. म्हणून मीं आठ दिवसांची मुदत मागितली. त्या अवधींत जें वाचलें व विचारलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण हा प्रश्न आणखीही कित्येक घरांच्या दाराशीं येणार आहे.

प्रथम वहिनींच्या भीतीविषयीं. आनुवंशिकता म्हणजे ललाटलेख नव्हे. अगदीं एकसारख्या जुळ्यांपैकीं एकास हा आजार असला, तरी दुसऱ्यास तो होण्याचा संभव निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. सामान्यतः शंभरांत सुमारें एकास होणारा हा आजार, आईबापांपैकीं एकास असल्यास शंभरांत सुमारें दहा मुलांस होतो. म्हणजे नव्वद मुलें त्यापासून दूरच राहतात. नातें दूर जाईल तसें हें प्रमाणही उतरतें. शिवाय दोष देण्याजोगें असें एकच जनुक नाहीं. इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासांत ७६,७५५ रुग्णांची तुलना २,४३,६४९ इतर माणसांशीं केली, तेव्हां जनुकसंचांत या आजाराशीं संबंध असलेलीं २८७ ठिकाणें आढळलीं. प्रत्येकाचा परिणाम रतिभर. इतके बारीक फरक दिसावयाचे, तर माणसेंही लाखांनींच लागतात.

पण हीं माणसें कोठलीं? २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें, अशा आनुवंशिक संशोधनांत भाग घेतलेल्यांपैकीं शेंकडा ७९ युरोपीय वंशाचे होते. जगाच्या लोकसंख्येंत मात्र त्यांचा वांटा शेंकडा १६ च्या जवळपास. हें कोणी आकसानें केलें असें नव्हे. पैसा, प्रयोगशाळा व नीट ठेवलेल्या नोंदी जेथें होत्या, तेथलेंच रक्त आधीं तपासलें गेलें.

येथें मला पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. १९१९ मध्यें आरंभिलेलें तें संपादन १९६६ मध्यें पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांच्या मागून आलेले संपादक यांनीं काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम् लिपीपर्यंतच्या बाराशेंहून अधिक पोथ्या हिशेबांत घेतल्या. सर्वत्र रूढ असलेल्या नीलकंठी पाठावरच ते थांबते, तर कोणता श्लोक जुना व कोणता मागाहून शिरलेला, हें कळतेंना. मानसिक आजारांचें शास्त्र आज बव्हंशीं एकाच प्रांताच्या पोथ्यांवर उभें आहे. भेद इतकाच कीं, मनुष्यजातींत मूळ आणि प्रक्षिप्त असा प्रकार नाहीं. तेथें सारेच पाठ खरे.

एखादा पाठ पाहावयाचा राहिला तर काय होतें, याचें उदाहरण घ्या. कार्बामाझेपीन हें औषध अपस्मारावर, तसेंच उन्माद व विषाद आळीपाळीनें येणाऱ्या आजारावरही देतात. क्वचित् एखाद्याची कातडी त्यानें भाजल्यासारखी सोलून निघते आणि प्रसंग जिवावर बेततो. २००४ मध्यें तैवानच्या संशोधकांनीं तेथील हान चिनी रुग्णांत या संकटाचा एका विशिष्ट आनुवंशिक खुणेशीं घट्ट संबंध दाखविला. ती खूण युरोपीयांत फारच विरळा. केवळ त्यांचेंच रक्त तपासून ती सांपडणें कठीण होतें. २००७ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें आशियाई वंशाच्या रुग्णांत ती खूण आधीं तपासावी, असें सुचविलें. भारतीयांतही ती कांहीं प्रमाणांत आढळते.

आणि "भारतीय" ही तरी एकच पोथी आहे काय? गोत्र टाळलें म्हणजे रक्त दूरचें झालें, असें आपण समजतों. परंतु शतकानुशतकें जातींतल्या जातींतच सोयरीक झाल्यामुळें प्रत्येक समाजाचा आनुवंशिक सांचा निराळा घडला. २०१७ मध्यें हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रांतील शास्त्रज्ञांसह झालेल्या एका अभ्यासांत दक्षिण आशियांतील अडीचशेंहून अधिक समाज पाहिले गेले; त्यांपैकीं ८१ समाजांवर मोजक्या पूर्वजांचा ठसा, या बाबतींत प्रसिद्ध असलेल्या अश्केनाझी यहुदी व फिनलंडच्या लोकांपेक्षांही ठळक निघाला. तेव्हां चार शहरांतले चार वर्ग तपासून भागणार नाहीं. २०२० मध्यें सुरू झालेल्या जीनोम-इंडिया या सरकारी प्रकल्पांतून सुमारें दहा हजार माणसांची माहिती २०२५ च्या जानेवारींत संशोधकांस खुली झाली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत एकाहून अधिक रुग्ण असलेल्या कुटुंबांचा अभ्यास हातीं घेतला गेला. आरंभ चांगला आहे. पण पोथ्या अजून थोड्या आहेत.

आतां पुतण्याची शंका. ती खोटी नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत ग्रँड कॅनियनच्या दरींत हवासुपाई नांवाची लहानशी आदिवासी जमात राहते. १९९० पासून तेथील राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनीं मधुमेहाच्या अभ्यासासाठीं त्यांचें रक्त घेतलें. पुढें त्याच रक्तावर छिन्नमनस्कतेचा, आप्तविवाहांचा आणि जमातीच्या मूलस्थानाचाही अभ्यास झाला. आपणांस हें सांगितलेंच नव्हतें, म्हणून जमात न्यायालयांत गेली. २०१० मध्यें तडजोड झाली. सात लक्ष डॉलर मिळाले आणि उरलेलें रक्त परत आलें. गेलेला विश्वास मात्र तसा परत येत नाहीं.

उलट उदाहरण आफ्रिकेंतलें. एथिओपिया, केनिया, युगांडा व दक्षिण आफ्रिका या देशांत सतरा हजार रुग्ण आणि तितकींच इतर माणसें यांच्या अभ्यासाचा संकल्प झाला. तेथें संमतिपत्र समजावून झालें कीं माणसास प्रश्न विचारीत, आणि त्याला तें उमगलें नसेल तर पुन्हां सांगत. प्रश्न विचारल्यावांचून शिकविलेलें समजलें कीं नाहीं हें कळत नाहीं, हें आम्हां मास्तरांस कोणी सांगावयास नको. आपल्या देशांतही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा संशोधनास रुग्णाची मोकळी व जाणती संमति आवश्यक ठरविली आहे.

हें वाचतांना मीं चपापलों. आमच्या घरच्या सगळ्या वादांत, ज्याचा आजार त्यालाच कोणी विचारलें नव्हतें. मीं माडीवर जाऊन भावास सर्व सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें आणि एकच प्रश्न केला, "दादा, मागाहून नको वाटलं तर परत घेतां येईल का?" डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें, उरलेलें रक्त नष्ट करतां येईल, पण तोंवर निघालेले निष्कर्ष परत घेतां येणार नाहींत. तें ऐकून त्यानें स्वतः कागद वाचला आणि सही केली.

वाचकांनींही असेंच करावें. रक्त कशासाठीं घेतां, कोठें ठेवितां, पुढें कोणास देतां, नांव कसें गुप्त राखतां, आणि मन पालटलें तर काय, हें निःसंकोच विचारावें. उत्तरें समाधानकारक नसतील तर खुशाल नकार द्यावा. पण उत्तरें मिळूनही केवळ अब्रूच्या भयानें मूठ झांकून बसूं नये. आपलें रक्त ज्या शास्त्रानें पाहिलेंच नाहीं, त्याचीं औषधें उद्यां आपल्याच मुलांस घ्यावीं लागतील.

वहिनी दोन दिवस कांहीं बोलल्या नाहींत. जाण्याच्या सकाळीं मात्र तयार होऊन ओटीवर आल्या. "तुलनेला निरोगी माणसांचंही रक्त लागतं म्हणतात ना? मग माझंही घ्या. पण सुमीच्या स्थळाला आधीं मी सांगणार. त्यांना बाहेरून कळायला नको." त्यांनीं सांगितलें. विचार करून कळवितों, असें त्या मंडळींचें उत्तर आलें. पुढें अजून कांहीं कळलेलें नाहीं. येईल तें उत्तर येवो. प्रकृति नाजूक आहे, असें मात्र आतां आमच्या घरीं पाहुण्यांस कोणी सांगत नाहीं.