पाचवे शील आणि ‘थोडीशी’ दारू

‘थोडी घेतल्याने शील मोडत नाही, शुद्ध हरपेपर्यंत पिऊ नये, एवढाच त्याचा अर्थ’, असा युक्तिवाद पंचशील ग्रहण केलेल्या घरांतूनही आमच्या कानी येतो. तो मूळ पालि शब्दांच्या आधारे तपासणे अगत्याचे आहे.

पाचव्या शिक्षापदात सुरा, मेरय, मज्ज आणि पमादट्ठान हे शब्द येतात. अट्ठकथेनुसार सुरा ही पीठ, भात इत्यादींपासून, तर मेरय हे फुले, फळे, मध, गूळ इत्यादींपासून होते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा उसाचा जिल्हा. हातभट्टीतील काळा गूळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. मज्ज म्हणजे मद आणणारे. म्हणून गांजा, ब्राऊन शुगर यांनाही ते लागू पडते. पमाद म्हणजे स्मृतीचा लोप आणि ठान म्हणजे स्थान, कारण. प्रमाद जेथून उगम पावतो, तेथूनच दूर राहावे, असा हा आशय आहे.

विनयपिटकातील सागत थेरांची कथा हेच सांगते. नागाचे दमन करणारे हे सामर्थ्यवान भिक्षू उपासकांनी प्रेमाने दिलेले मद्य घरोघरी प्याले आणि नगरद्वारी कोसळले. त्यावरून घालून दिलेल्या नियमात कुशाच्या टोकावर मावेल एवढे मद्यही दोषास पात्र ठरले. तो नियम भिक्षूंसाठी आहे हे खरे. परंतु सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थालाच सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीची दुर्बलता.

आधुनिक ज्ञान याला दुजोराच देते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना त्यापायी मदतीची गरज आहे.

आपल्याच जिल्ह्यातील पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या काळात झालेल्या मेजवानीतील विषारी दारूने अनेकांचा बळी घेतला. अशा दारूतील मिथेनॉलचे यकृतात फॉर्मिक आम्ल बनते. ते प्रथम दृष्टी आणि पुढे प्राण घेते. तेथे जमलेल्यांनाही ती ‘थोडीशी’च वाटली असेल.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. राळेगणसिद्धीत दारूबंदीसाठी मद्यपींना खांबाला बांधून मारल्याचे सर्वश्रुत आहे. शीलाचा मार्ग निराळा आहे. ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. ते कोणी लादत नाही.

मात्र ज्याचे शरीर दारूच्या अधीन झाले आहे, त्याला केवळ उपदेश पुरत नाही. दीर्घकाळच्या मद्यपीने एकाएकी दारू सोडल्यास झटके, भ्रम आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून त्याला वैद्यकीय देखरेखीखालीच व्यसनमुक्त करावे. त्याला दूषण न देता उपचारापर्यंत नेणे ही करुणा होय. आणि लग्नात, जयंतीत एक थेंबही न वाढणे हे आपले शील होय.