१ जूनची मुले

शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून मी तीस वर्षे काढली. त्यांतली एक मॅच अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या खो-खो संघात एक चपळ पोरगा होता. सूर मारून खांबाजवळचा गडी टिपायचा. चौदा वर्षांखालील गटाची यादी करायला जनरल रजिस्टर उघडले, तर त्याची जन्मतारीख १ जून! वाचकहो, तुमच्याही घरात कुणाचा तरी ‘शाळेतला’ वाढदिवस १ जूनला असेल. जन्मनोंदीचा कायदा १९६९चा. पण घरात दाखला नसला की गुरुजी वयात बसेल अशी तारीख टाकून मोकळे होत.

त्याची आई म्हणाली, “मास्तर, ह्यो त्याच्या पुढच्या संक्रांतीला झालाय.” म्हणजे पोरगा खरा वयात बसत होता, कागदावर नाही. ३१ डिसेंबरपर्यंत चौदा पूर्ण झाली की गट संपला. संक्रांतीला शिक्का नसतो. मी त्याला बाहेर बसवले.

समोरच्या संघात मिसरूड फुटलेला एक गडी होता, दाखला कोरा करकरीत. मी हरकत घेतली नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मीच एका थोराड मुलाला धाकट्या भावाच्या दाखल्यावर खेळवले होते. ती ढाल शाळेच्या कपाटात होती. आम्ही हरलो, आणि माझा पोरगा रेषेबाहेर बसून टाळ्या वाजवत राहिला.

हा केवळ ढालीचा प्रश्न नाही. खेळाला दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. एक खोटी तारीख कुणाची तरी जागा खाते. २०१५च्या पतौडी व्याख्यानात राहुल द्रविड वयचोरीवर कळकळीने बोलले होते. क्रिकेट मंडळ डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहते. पण हाडे अंदाज सांगतात, तारीख नाही. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागेल. १ जूनची पिढी आता संपेल. मोह मात्र कायद्याने संपत नाही. तो आम्ही शिक्षकांनी आणि पालकांनीच आवरायचा.

परवा तोच पोरगा आपल्या मुलाला घेऊन घरी आला. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाला, “सर, याची तारीख खरी आहे.”

मला त्याच्याकडे वर बघवले नाही.